ज्ञानाची मुक्ती, पण कोणाच्या तावडीतून?

विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांत सध्या तीन शब्दांची चलती आहे. विषमता, अस्मिता आणि ज्ञानाचे निर्वसाहतीकरण. परिसंवादाची कोणतीही निमंत्रणपत्रिका उघडून पाहा, या तिघांपैकी एक तरी शब्द त्यात सापडतोच. पहिले दोन शब्द आमच्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. विषमता आम्ही भोगली आणि अस्मिता आम्ही रस्त्यावर उतरून मिळवली. तिसरा शब्द मात्र नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो दिसायला क्रांतिकारक आहे आणि आज तो भलत्याच लोकांच्या तोंडी बसला आहे.

निर्वसाहतीकरण म्हणजे सोप्या भाषेत असे : गोऱ्या साहेबाने जग जिंकले, त्याबरोबर जगाकडे पाहण्याचा आपला चष्माही आमच्या डोळ्यांवर चढवला. आता साहेब गेला, तेव्हा त्याचा चष्माही उतरवा. आफ्रिका, लॅटिन अमेरिका, अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज यांच्या अभ्यासकांनी हा विचार मोठ्या कष्टाने उभा केला आहे आणि तो खरा आहे. प्रश्न आमच्या देशापुरता वेगळा पडतो. आमच्या डोळ्यांवर एकच चष्मा होता काय? साहेबाचा चष्मा उतरवल्यावर खाली मनूचा चष्मा तसाच राहिला, तर त्याला मुक्ती म्हणायचे काय?

मी समाजशास्त्राचा प्राध्यापक नाही, वकिली करतो. पण वकिलीत एक सवय लागते. समोर आलेला कागद कोणाच्या सहीने निघाला, साक्षीदार कोणी उभा केला आणि निकाल कोणी लिहिला, हे आधी पाहायचे. समाजशास्त्राच्या भारतातील इतिहासाकडे मी याच सवयीने पाहतो.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्या काळी जातीवर लिहिणारे मोठमोठे साहेब होते, सेनार, नेसफिल्ड, रिस्ले. आपल्याकडचे श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्ञानकोशकार, यांनीही १९०९ मध्ये जातीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. बाबासाहेबांनी या सर्वांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, केतकरांना त्यातल्या त्यात जवळचे मानले आणि पुढे जाऊन सांगितले की जातीचे मर्म धंद्यात नाही, वंशात नाही, विटाळातही नाही. ते जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. ही बंदिस्ती टिकवायची तर नवरा मेल्यावर उरलेली बाई आणि बायको मेल्यावर उरलेला पुरुष यांचे काय करायचे, हा गटापुढचा प्रश्न. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या प्रश्नाची ब्राह्मणी उत्तरे. म्हणजे जात आणि स्त्रीची गुलामी एकाच दोरीने बांधलेली आहे, हे या विद्यार्थ्याने १९१६ सालीच मांडून ठेवले. स्त्रीवादी अभ्यासकांना तिथे पोचायला पुढे साठ-सत्तर वर्षे लागली.

आता दुसरे दृश्य पाहा. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. १९२४ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आलेले गो. स. घुर्ये त्याचे प्रमुख झाले आणि पुढची तीन दशके भारतातील समाजशास्त्र त्यांच्या शिष्यांनी घडवले. त्याच मुंबईत, त्याच काळात बाबासाहेब राहत होते, सिडनहॅममध्ये शिकवून झाले होते, सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचे भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. जातीवर मूलभूत सिद्धांत मांडणारा माणूस आणि जातीवर ग्रंथ लिहिणारा विभाग एकाच शहरात. पण समाजशास्त्राच्या वर्गात बाबासाहेब कितीतरी वर्षे सिद्धांतकार म्हणून आलेच नाहीत. आले ते घटनाकार म्हणून, दलितांचे पुढारी म्हणून. उलट बाजूने मात्र दरवाजा उघडा होता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्यांनी मांडलेल्या नाकाच्या मापांचा उपयोग केला, आणि साहेबाच्या त्याच मापांनी साहेबाचा वंशसिद्धांत पाडला. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हे मापे सिद्ध करत नाहीत, असा निष्कर्ष काढला. साहेबाच्या ज्ञानाचे निर्वसाहतीकरण कसे करायचे याचा याहून चांगला नमुना कोणी दाखवावा. शिव्या न देता, त्याचेच आकडे नीट वाचून.

घुर्यांचे शिष्य म. न. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये ‘संस्कृतीकरण’ हा शब्द रुळवला. खालची जात वरच्या जातीचे आचार उचलते, मांसमच्छी सोडते, जानवे घालते आणि एक-दोन पिढ्यांत वर सरकते, असा त्याचा थोडक्यात आशय. देशभरच्या अभ्यासक्रमात हा शब्द गेला. श्रीनिवास प्रामाणिक अभ्यासक होते, यात शंका नाही. कर्नाटकातील ज्या गावाचा त्यांनी १९४८ मध्ये अभ्यास केला तिथे ते गावच्या मुखियाच्या घरात राहिले आणि त्यामुळे आपली नजर वरच्या जातींच्या बाजूची झाली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. पण कबुली दिल्याने सिद्धांत बदलत नाही. संस्कृतीकरणाचा सिद्धांत वर्गावर्गातून शिकवला जात असताना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी अनुकरणाचा मार्ग साफ नाकारला. त्यांना ब्राह्मणासारखे व्हायचे नव्हते. त्यांनी शिडीच सोडून दिली. विसाव्या शतकातील एवढे मोठे सामाजिक स्थित्यंतर, त्याचा अभ्यास भारतीय समाजशास्त्राचा पहिला विषय व्हायला हवा होता. त्यावर मन लावून काम केले ते एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाईंनी. हा भाग विसरू नये.

गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त समाजशास्त्रे किती समतावादी आहेत असा थेट सवाल विचारला, तेव्हा विद्यापीठांत बरीच खळबळ झाली होती. त्यांची तक्रार मी कोर्टाच्या भाषेत सांगतो. आम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. सांगा, किती वेळा मारले, विहिरीवर काय झाले, गावकुसाबाहेर कसे राहता. साक्ष संपली की आभार, आणि निकाल लिहायला वरच्या जातीचा विद्वान. अनुभव आमचा, सिद्धांत त्यांचा. गुरूंनी यातला दुसरा अर्धा भागही सोडला नाही. आपल्या अभ्यासकांनी आत्मकथनावर समाधान मानून सिद्धांताची खडतर वाट टाळू नये, असे त्यांनी आपल्याच लोकांना सुनावले. ते आपल्यापैकी अनेकांना झोंबले. झोंबायलाच हवे होते. हेच गुरू २०१८ मध्ये त्याच साप्ताहिकाचे संपादक झाले.

असे फक्त भारतात झाले असे नाही. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस हे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. १८९५ साल. त्यांनी फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती गोळा केली आणि १८९९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत शास्त्रशुद्ध सामाजिक पाहणी म्हणजे काय हे त्या ग्रंथाने दाखवले. काम देणाऱ्या विद्यापीठाने त्यांना ना वर्ग दिला ना प्राध्यापकाची खुर्ची. समाजशास्त्राचा जन्म शिकागोच्या गोऱ्या प्राध्यापकांच्या हातून झाला, असेच पुढे शंभर वर्षे शिकवले गेले. २०१५ मध्ये अल्डन मॉरिस यांनी पुस्तक लिहून हा अन्याय कागदोपत्री सिद्ध केला, आणि हेच मॉरिस पुढे अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्युबॉईस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. ३१ जुलै १९४६ चे ड्युबॉईस यांचे सहानुभूतीचे उत्तर उपलब्ध आहे. दोघांनाही आपापल्या देशाच्या समाजशास्त्राने दाराबाहेर ठेवले होते. निर्वसाहतीकरणाचा खरा अर्थ इथे सापडतो : ज्याच्यावर अभ्यास होतो त्याने अभ्यासकाच्या खुर्चीत बसणे.

आमच्याकडे त्या शब्दाचे काय झाले? तो उलटा वापरला जाऊ लागला. युक्तिवाद असा की जात ही मुळात भारतीय नाहीच, ती ब्रिटिशांनी जनगणनेच्या तक्त्यात घालून घडवली. आपल्याकडे होती ती केवळ श्रमविभागणी. तेव्हा जातीबद्दल बोलणे हीच गुलाम मनोवृत्ती. निकोलस डर्क्स यांच्या २००१ च्या ग्रंथाचा दाखला या लोकांना फार आवडतो. डर्क्स असे म्हणत नाहीत की ब्रिटिशांच्या आधी जात नव्हती. ब्रिटिश राजवटीत जातीला आजचे रूप कसे आले, हा त्यांचा विषय आहे. पण अर्धे वाक्य उचलायचे आणि त्यावर आपला झेंडा रोवायचा, ही जुनीच पद्धत. २०२३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातीवर आधारित भेदभावाला मनाई करणारे विधेयक मंजूर केले तेव्हा तिथल्या विरोधकांनीही याच जातकुळीचे मुद्दे पुढे केले होते. त्या विधेयकावर राज्यपालांनी सही केली नाही. त्याच वर्षी सिएटल शहराने मात्र तसा नियम केला.

ब्रिटिशांच्या पापांवर बोलायला आम्ही कचरतो असे कोणी समजू नये. रिस्लेने १९०१ च्या जनगणनेत जातींची उतरंड लावली, कोण वर, कोण खाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या, आणि त्या ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटल्या तरी पोलीस ठाण्यातली नजर अजून सुटलेली नाही. लढाऊ वंशाचे खूळ काढून महारांची लष्करभरती बंद केली ती साहेबानेच. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ब्रिटिशांच्या तोंडावर विचारले की तुमच्या राज्यात अस्पृश्यांच्या स्थितीत काय फरक पडला. साम्राज्यवादाचा विरोध आम्हाला कोणी शिकवू नये.

पण ‘जात ब्रिटिशांनी घडवली’ या विधानाला एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पुरून उरते. मुक्ता साळवे. मांग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. १८५५ मध्ये तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. देशात पहिली जनगणना सुरू झाली १८७२ ला. म्हणजे साहेबाचा तक्ता छापला जाण्याच्या सतरा वर्षे आधी ही मुलगी पेशवाईतील अत्याचारांचे वर्णन करते आणि ज्या धर्मात आम्हाला ग्रंथ पाहण्याचाही अधिकार नाही तो धर्म आमचा कसा, असा प्रश्न करते. तिच्या मागे चौदाव्या शतकातले चोखोबा आहेत, पंढरपूरच्या देवळाबाहेर उभे. आणि त्यांच्याही मागे सुमारे अठराशे वर्षे, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही की चांडाळ होत नाही हे सांगणारा वसल सुत्तातला बुद्ध आहे. जात जर ब्रिटिशांनी आणली, तर तथागत वाद घालत होते तो कोणाशी?

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिले ते मी विद्यापीठांच्या निर्वसाहतीकरणाच्या अभ्यासक्रमात पहिले ठेवीन. शेतकऱ्यांच्या घामाचा महसूल गोळा होतो आणि त्यातून वरच्या वर्गाच्या पोरांची कॉलेजे चालतात, हे त्यांनी इंग्रज सरकारला बजावले. एकाच वाक्यात साहेबावरही आरोप आणि भटावरही. दोन्ही बेड्या एकदम दिसणे, हे फुले-आंबेडकरी दृष्टीचे वैशिष्ट्य. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘भारतीय ज्ञानप्रणाली’साठी स्वतंत्र विभाग काढला. स्वागत आहे. नालंदा, बौद्ध तर्कशास्त्र, दिङ्नाग, धर्मकीर्ती, अश्वघोषाच्या नावावर सांगितली जाणारी ‘वज्रसूची’, चामडे कमावणाऱ्यांचे रसायनशास्त्र, सुईणींचे वैद्यक, कैकाड्यांची वेतविद्या, हे सर्व भारतीयच ज्ञान आहे. प्रत्येक महाविद्यालयाने हा विषय लावताना त्यात या सर्वांना किती तास दिले, एवढे माहितीच्या अधिकारात विचारून पाहावे. उत्तरात भारत केवढा आहे हे कळेल.

आता ज्या कागदासाठी हा लेख लिहायला घेतला तो कागद. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशात उच्च शिक्षण घेता यावे म्हणून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा १२५, त्यांतील ११५ अनुसूचित जातींना, बाकी विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांना. फेब्रुवारी २०२२ मध्ये २०२२-२३ साठी सामाजिक न्याय मंत्रालयाची नवी नियमावली आली. तिच्यात एक ओळ घातली गेली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत चालणार नाहीत. समर्थन असे की या विषयांची साधने आणि जाणकार भारतातच आहेत, त्यासाठी परदेशी जायची गरज काय.

वाचकांनी हे शांतपणे पुन्हा वाचावे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन ज्याला कोलंबियाला पाठवले, त्याने तिथे जाऊन भारतातील जातींवर निबंध वाचला. आजच्या या ओळीखाली तोच विषय लिहून अर्ज केला असता तर भीमराव रामजी आंबेडकर हा अर्जदार अपात्र ठरला असता. संस्थानिकाला जे कळले ते प्रजासत्ताकाच्या मंत्रालयाला कळू नये!

‘साधने भारतातच आहेत’ हा युक्तिवाद इतरांना का लागू पडला नाही? केतकर जातीचा अभ्यास करायला अमेरिकेत कॉर्नेलला गेले. घुर्ये केंब्रिजला गेले. श्रीनिवास यांनी कुर्गच्या समाजावर ऑक्सफर्डमध्ये लिहिले. भारतीय समाजाचा अभ्यास परदेशात बसून करणाऱ्यांनीच या देशाचे समाजशास्त्र घडवले, आणि तो त्यांचा गौरव मानला गेला. ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो आजही जाऊन करतो, त्याला कोणी अडवत नाही. अडतो तो फक्त सरकारी शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेला आमचा मुलगा, आमची मुलगी. त्यांनी तिकडे अभियांत्रिकी शिकावी, व्यवस्थापन शिकावे. जातीबद्दल तेवढे लिहू नये.

कायद्याच्या दृष्टीने या ओळीकडे पाहू. घटनेच्या चौदाव्या कलमाखाली सरकारला वर्गवारी करता येते, पण दोन कसोट्यांवर : भेद समजण्यासारखा हवा आणि योजनेच्या उद्दिष्टाशी त्याचा तर्कसंगत संबंध हवा. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यापासून हे ठरलेले आहे. योजनेचे उद्दिष्ट आहे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणातून वर आणणे, आणि त्यामागे सेहेचाळिसाव्या कलमाची आज्ञा आहे. भारतीय समाजाचा अभ्यास वगळल्याने ते उद्दिष्ट कसे साधते? माझ्या मते साधत नाही. सरकार म्हणेल की पैसा मर्यादित आहे, विषय ठरवणे हे धोरण आहे आणि धोरणात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. हा बचाव हलका नाही, हे मी तरुण वकिलांना मुद्दाम सांगतो. म्हणून केवळ भावनेच्या भरात याचिका करू नये. विषयामुळे अर्ज नाकारलेले विद्यार्थी शोधावेत, नकाराची पत्रे लेखी मिळवावीत, किती अर्ज कोणत्या विषयावरून बाद झाले हे माहितीच्या अधिकारात काढावे. कागदाशिवाय कोर्टात आपले कोणी ऐकत नाही.

देशातल्या देशात संशोधन करणाऱ्यांची स्थितीही काही सुखाची नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यात आंदोलनाला बसावे लागले हे आपण पाहिले आहे. एका विद्यापीठात प्रबंधाच्या तोंडी परीक्षेनंतर एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिच्या वस्तीतील सफाई कामगार स्त्रियांवर तिने प्रबंध लिहिला. परीक्षकांचा आक्षेप असा की तुम्ही त्याच समाजाच्या, तेव्हा वस्तुनिष्ठता कशी राहणार? मी तिला विचारले, ब्राह्मण संशोधकाने वेदपाठशाळेवर प्रबंध लिहिला तर हा आक्षेप निघतो का? ती हसली. पदवी तिला मिळाली, पण प्रस्तावनेत चार पाने आपल्या जातीचा खुलासा लिहून.

खुर्चीत आपला माणूस बसला की काय फरक पडतो याचा एकच दाखला देतो. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्याबरोबर २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, बदलले फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाले. ‘खासगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता चालते’ या वाक्याची त्या दिवशी वाट लागली. आमच्या मुलांना हे माहीत नव्हते काय? प्रत्येकाला माहीत होते. पण ते अनुभव होते, आता तो पुरावा झाला. २०११-१२ च्या भारत मानव विकास पाहणीत तर २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात अस्पृश्यता पाळली जाते हे स्वतःच्या तोंडाने कबूल केले. हा आकडा निघाला, कारण कोणीतरी तो प्रश्न प्रश्नावलीत घातला. आणि शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात, उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी विद्यापीठाबाहेर राहून, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या तोंडचा इतिहास कागदावर आणला नसता तर तोही आज ऐकीव म्हणून सोडून दिला गेला असता. ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ चे आहे. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी शोधून आणावे.

प्रश्नावलीचा विषय निघाला आहे तर अस्मितेचा प्रश्नही तिथेच येतो. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला आणि १६ जून २०२५ रोजी २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना निघाली. संदर्भदिनांक १ मार्च २०२७. सर्व जातींची शेवटची गणना झाली १९३१ मध्ये, तेव्हा ४,१४७ जाती मोजल्या गेल्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत जातींची नावे ४६ लाखांवर गेली आणि आकडे सदोष म्हणून ते कधी प्रसिद्धच झाले नाहीत. ज्याला जसे वाटले तसे प्रगणकाने लिहिले, त्याचा हा परिणाम. बिहार सरकारने नीट यादी करून पाहणी केली आणि २ ऑक्टोबर २०२३ ला आकडे जाहीर केले, त्यात खुल्या प्रवर्गाची लोकसंख्या साडेपंधरा टक्के निघाली. मोजणी होते, मनात असेल तर.

आपल्यापुढे मात्र वेगळा पेच आहे. २०११ मध्ये देशात ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांतील ६५ लाख महाराष्ट्रात. या ६५ लाखांपैकी अनुसूचित जातीत नोंद झालेले सुमारे ५२ लाख. उरलेले तेरा लाख कुठे गेले? काही खरोखरच इतर समाजांतून आलेले असतील. पण चळवळीत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की आपल्यातील पुष्कळ स्वाभिमानी माणसे जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’च सांगतात. भावना शंभर टक्के बरोबर आहे. बाबासाहेबांनी जी जात सोडायला सांगितली तिचे नाव पुन्हा तोंडाने कसे घ्यायचे? पण कायदा असा आहे : १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० ची दुरुस्ती झाली आणि बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ते मूळ जातीच्या नावाने. ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ हे त्या यादीतले जातीचे नाव नाही. धर्म बौद्ध आणि जातही बौद्ध लिहिली की तो माणूस अनुसूचित जातीच्या आकड्यातून बाहेर पडतो. राखीव मतदारसंघ, अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी, वसतिगृहाच्या जागा या सर्वांचे गणित त्याच आकड्यावर चालते. त्यात १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली आहे आणि त्याला आकड्यांचा आधार लागणार आहे. तेव्हा कमी मोजले जाणे आता पूर्वीपेक्षा महाग पडेल.

उलट टोकाचे लोकही आहेत. सवलत जाईल या धाकाने ते धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहू देतात. ही भीती १९९० पासून निराधार आहे. बौद्ध म्हटल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. महाराष्ट्रात तर राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना त्याच्याही आधीपासून होत्या. धर्मात हिंदू लिहिले तर दीक्षाभूमीवरची शपथ कागदावरून पुसली जाते, आणि तो कागद पुढची दहा वर्षे संशोधक वापरतात.

म्हणून प्रगणक दारात आला की धर्म बौद्ध सांगावा, अनुसूचित जाती आहात काय या प्रश्नाला होय म्हणावे, आणि जातीचे नाव जात प्रमाणपत्रावर जे आहे तेच, त्याच अक्षरांत, लिहायला लावावे. महार असेल तर महार, मांग असेल तर मांग, चांभार असेल तर चांभार. यात धम्माचा कमीपणा नाही. हा खटल्यातील पुरावा आहे, आपली ओळख नव्हे. प्रगणकाने काय लिहिले ते वाचून घ्यावे. घरात फक्त आजी असेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलाने तिथे थांबावे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास यावर बोलणे व्हावे, आणि वस्तीतील समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीची स्वतंत्र यादी करून ठेवावी : घरे किती, माणसे किती, कोणी काय सांगितले. सरकारी आकडे येतील तेव्हा ताडून पाहायला हाताशी काहीतरी असेल.